पपईवरचं ठिपकेवालं पाखरू

...आन् म्हणं गुलाबअण्णाला पाखरातलं काय कळतंय! अहो, अख्ख्या तेर गावामधी माझ्यासारखा पाखरांचा जाणकार दुसरा दाखवा! आता गेल्या दिवाळीपतोर मला कावळा आन् कोंबडा सोडून तिसरं नाव येत नव्हतं, ते सोडा... पर तुम्हाला सांगतो, ह्या खेपेला खरं! परसातल्या पपईवर पाखरू आलं, जन्मात न पाहिलेलं. कावळ्याएवढं, लांब शेपटी, तपकिरी अंगावर पांढरे ठिपकेच ठिपके, डोळे लालभडक!

तुम्ही म्हणाल, आलं तर आलं, तुझं काय जातंय? जातंय की! माझी लेक संघप्रिया, पुण्याला नर्स, तिनंच दिवाळीला दुर्बीण आन् पाखरांचं पुस्तक दिलं. "अण्णा, आई गेल्यापासनं एकटे बसून गावाच्या खोड्या काढता, त्यापेक्षा पाखरं बघा. नवीन दिसलं की फोन करा." मग काय, चिमणी, साळुंकी, बुलबुल, होला... आठ दिवसांत पाखरं संपली! फोन कशावर करायचा? म्हणून शेजारच्या चांगुणाबाईची कोंबडी हळदीत घोळली आन् फोटो धाडला, 'पिवळा गरुड'. लेक म्हणती, "अण्णा, गरुडाच्या मागं खुराडं दिसतंय." तवापासनं तिची अट, खरंच नवीन पाखरू दाखवा, त्याच रविवारी बसनं येते. तवर न्हाय.

आन् आता हे! लगेच पुस्तक काढलं. आपली शाळा चौथीपतोर, तीबी मास्तर कंटाळले म्हणून सुटली. अक्षर जुळवतोय, वे... डा... रा... घू... आता हे पाखराचं नाव का माझं? तवर तिकडं निम्मी पपई खलास! त्यात शेजारच्या लिंबावर कोकिळा नुसती बोंबलतीया, कुहूऽ कुहूऽ, कान किटले! म्हटलं, गप की बाई, घरी पाहुणी आलीया! आन् खडा भिरकावला. तो गेला चांगुणाबाईच्या पत्र्यावर. आली की पदर खोचून!

"गुलाबभाऊ, आता काय रंगवलंय?"

"म्या न्हाय! ह्या खेपेला खरं!"

"मग ते ठिपके कशाचे? चुना हाय तो, तुमच्या तंबाखूच्या डबीतला!"

आता तुम्हीच सांगा, ह्या वयात मी शिडी लावून पाखराला चुना लावणार? तर म्हणती कशी, "गावाला लावलाय तुम्ही, पाखराचं काय घेऊन बसलाव!"

गेली. मी दुर्बिणीला मोबाईल टेकवून फोटो काढला, निम्मं पाखरू, निम्मा माझा अंगठा, आन् दिला धाडून. दुपार टळली तरी उत्तर न्हाय. पाखरू उडून गेलं तर पुरावा कुठला? म्हणून पपईखालीच बाज टाकली आन् बोलत बसलो. गुडघ्याचं सांगितलं, नळाला आठव्या दिवशी पाणी येतंय ते सांगितलं, टीव्ही बंद पडलाय ते सांगितलं... मान वाकडी करून समदं ऐकलं बघा, मधी एक शब्द न्हाय! असं ऐकणारं आता कुठं मिळतंय हो?

तेवढ्यात फोन! उचलल्या उचलल्या विचारलं, "कोणत्या बसनं येतीस?"

"अण्णा, कोकिळा हाय ती."

"हॅट! कोकिळा काळी असती, ती काय लिंबावर बोंबलतीया!"

"तो नर. काळा, सारखा वरडणारा. ही त्याची मादी. गप असती, म्हणून कुणाच्या ध्यानात येत न्हाय. नवीन कुठलं, रोजचंच पाखरू हाय."

लई पंचाईत झाली. म्हटलं, "अगं पर ह्या खेपेला खरं होतं की... म्या कधी बघितली न्हाय, मग माझ्यापुरती नवीनच! धर की तेवढा रविवार..."

ती म्हणली, "अण्णा, आईबी चाळीस वर्षं अशीच गप बसून तुमचं ऐकायची. ती तरी कुठं दिसली तुम्हाला?"