ठकीचा कापूस

विषारी कोळ्याच्या मादीचं बाळंतपण केलंय का हो तुमच्यापैकी कुणी? नाही ना! मग आमच्या वहिनीला नावं ठेवू नका. तुम्हाला सांगते, विषावरचं औषध करतात त्या प्रयोगशाळेत ती कोळी सांभाळते... हो हो, पगारावर! एकेका डबीत एकेक, तळहाताएवढा, जाळं-बिळं काही नाही, नुसता दबा धरून बसायचं, रातकिडा टाकला की झडप, दात रुतले की विष, आणि किडा आतून विरघळला की निवांत प्यायचा! नराला मादीच्या डबीत सोडायचं तर त्याला वाचवायला वहिनी ब्रश घेऊन उभी, कारण तो बिचारा लांबूनच पाय आपटून 'मी जेवण नाही हो, पाहुणा आहे' असं कळवतो, पण बाईसाहेबांना ते पटायला नको? दादा म्हणायचा, "माझ्या वेळी कुणी ब्रश घेऊन उभं नव्हतं गं!" हसा, मीही हसले होते.

तर तिच्या लाडक्या ठकीने अंडी घातली. भोवती रेशमाची पांढरी पिशवी विणली, पोटाशी कवटाळली आणि खाणंच सोडलं! प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "बाई, पिशवी काढून उबेच्या पेटीत ठेवा. खाल्लं नाही तर मरेल ती." वहिनीने चिमट्याने काढली. ठकी डबीभर चाचपडत फिरली... कोपरा न् कोपरा... वहिनीला बघवेना. तिने काय करावं? कापसाची गोळी वळून आत ठेवली! ठकीने ती ओढून घेतली, गप्प बसली. वहिनी घरी येऊन म्हणते, "अगं, शांत झाली बाई एकदाची!" हसा, मीही हसले होते.

पण ठकीला कुठे ठाऊक कापूस? ती त्यालाच राखत बसली! रातकिडा अंगावरून गेला तरी बघेना, पोट सुरकुतलं, पाय आखडले. साहेब ओरडले, "बाई, काढा तो कापूस!" आणि वहिनी म्हणाली, "पुन्हा तिच्या पोटाशी आहे ते काढायला मला सांगू नका हो."

आता कसं सांगू... दादाचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं. नर्सने दुपट्यात गुंडाळून नेलं, वहिनीला तोंडसुद्धा दाखवलं नाही. त्यानंतर घरात कुणी तो विषयच काढला नाही, आणि ती कोळ्यांत रमली म्हणून आम्ही आपले हसत राहिलो.

साहेबांनी चिमटा घेतला तसा वहिनीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "राहू द्या. तुम्ही ओढाल. मीच काढते." हळूच काढला कापूस. ठकी पुन्हा चाचपडत फिरली, आणि वहिनी डबीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीने रातकिडा खाल्लेला होता, शेजारच्या डबीत आणखी एकीने पिशवी विणली होती, आणि ती काढायला वहिनीलाच बोलावलं.