चिटलिन्सचा फोटो

लिहून घेतेस ना, मग मुळापासून घे, अमेरिकेतल्या अल्फारेटापासून नको. माझा जन्म नागपूरचा, आणि नागपूर म्हटलं की तुला संत्री आठवत असतील, तर ते नागपूर नाही, आमची वस्ती नाल्याच्या काठाला आणि माझी आई देशी दारूच्या दुकानासमोर हंडी मांडून बसायची. हंडीत वजडी. बकऱ्याचं पोट, आतडी, कधी डुकराची, चुना लावून, गरम पाण्यातून काढून, खरवडून, दहा पाण्यांनी धुऊन, मग आलं-लसूण-खोबऱ्याचं वाटण आणि वर बोटभर तर्री. पिणारे यायचे, द्रोण घ्यायचे, खाताखाता भांडायचे, एकदा एकानं चाकूच काढला आईवर, तर्री कमी वाढली म्हणून. आईनं एक शब्द काढला नाही, डाव भरला आणि उकळता रस्सा त्याच्या पायावर ओतला. तो बोंबलत नाल्याकडे पळाला आणि आई मला म्हणे, पाह्यलं का पोट्टे, आधी मारायचं, मंग बोलायचं. मी आठ वर्षांची होते, मला लई मजा वाटली. पण तीच आई घरी आली की बापाचा मार मुकाट्यानं खायची, तिथं तिचा डाव चालत नव्हता, आणि असं काऊन ते मला फार वर्षं कळलं नाही.

लग्न झालं ते आमच्यातल्याच मुलाशी, सुधीरशी. आम्ही बौद्ध, तोही बौद्ध, स्कॉलरशिपवर इंजिनिअर झालेला, हुशार, दिसायला बरा. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मला त्यानं पाठ दाखवली. होस्टेलात मुलांना कळलं होतं हा कोण ते, आधी त्याचं ताट वेगळं ठेवलं, मग हा बोलला तर चौघांनी बाथरूममध्ये घालून बादलीच्या कडीनं मारला, दोन बरगड्या मोडल्या. मी खूप रडले त्या दिवशी, त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसले, मला वाटलं हा माझ्याशी मन मोकळं करून राहिला. तसं नव्हतं बाई, तो मला तंबी देऊन राहिला होता.

इकडे यायच्या आधी त्यानं बापाचं आडनाव काढलं आणि गावाचं लावलं, माझंही बदललं. अल्फारेटात आलो, मोठं घर, मागं झाडं, आणि घरात नियम. वस्तीचं नाव काढायचं नाही. आई काय करायची विचारलं तर गृहिणी सांगायचं. घरात डुकराचं, बीफचं काही शिजवायचं नाही, वास बाहेर जातो. बुद्धाची मूर्ती मात्र चालायची, कारण इथं सगळ्यांच्याच बागेत शोभेला बुद्ध असतो, कोणाला काही कळत नाही. पहिल्या वर्षी मी एका घरी जेवताना सहज बोलून गेले की माझी आई हंडी लावायची. परत आल्यावर त्यानं गाडी गॅरेजमध्ये घातली, बटन दाबलं, दार खाली आलं, आणि मग मला ओढून बाहेर काढलं आणि मारलं. चार्जरची वायर दुहेरी करून, पाठीवर, जिथं दिसणार नाही तिथं. इथल्या गॅरेजचं दार खाली येताना घरघर करतं ना, तो आवाज आला की मी हातातलं टाकून भिंतीला पाठ लावायची, शेजाऱ्यांचं दार असलं तरी लावायची, आजही लावते. काय सांगू तुला, सुजाता, माझी मुलगी, पाळण्यात असल्यापासून तो आवाज ऐकत मोठी झाली.

मी उलटून मारलं का नाही विचारशील. व्हिसा त्याचा, मी त्याच्या नावावर आलेली, नोकरी करायची परवानगी नाही, तो म्हणायचा, पोलिसांना बोलाव, दोघंही परत जाऊ आणि सुजूला घेऊन बस नाल्यावर हंडी लावून. मग मी आईसारखीच गप्प बसायची.

हे ठिकाण मला सापडलं ते नाकानं. सुजूला शाळेत सोडून मी उगीच गाडी फिरवायची, घरात जीव घाबरायचा, आणि एक दिवस या रस्त्यानं जात होते, काच खाली होती, आणि वास आला. अगं, आतडी धुतल्याचा वास. ज्याला माहीत नाही तो नाक दाबेल, मी ब्रेक दाबला. बघ ना तू, सिमेंटच्या विटांची एवढीशी खोली, आठ टेबलं, बाहेर बोर्डही धड नाही, मागच्या दाराशी ही मिस ओपल, या खाणावळीची मालकीण, दोन बादल्या घेऊन बसली होती आणि डुकराची आतडी सोलत होती, आतला पातळ पडदा नखानं ओढून, अगदी माझ्या आईसारखी. याला इथले काळे लोक चिटलिन्स म्हणतात. मी काही विचारलं नाही, बाह्या वर केल्या आणि शेजारी बसून दुसऱ्या बादलीत हात घातला. तिनं पाच मिनिटं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाली, बेबी, तुझ्या घरचेही गरीबच होते तर.

मग मी आठवड्यातून दोनदा यायला लागले. इथलं जेवण म्हणजे बघ, मक्याच्या कण्या, त्याला ग्रिट्स म्हणतात, चवळी आपलीच, भेंडी मक्याच्या पिठात घोळून तळतात, कोलार्डचा पाला तीन तास शिजवतात डुकराच्या हाडाबरोबर, आणि उकडलेल्या शेंगा, भुईमुगाच्या, मिठाच्या पाण्यातल्या, रस्त्याच्या कडेला विकतात, मी पहिल्यांदा खाल्ल्या आणि गाडीतच रडले. मिस ओपलनं मला मक्याचा पाव करायला शिकवला, त्यासाठी बिडाचा तवा भेट दिला, दांड्याचा, तिच्या मावशीचा. तवा आधी ओव्हनमध्ये कडकडीत तापवायचा, चरबी टाकायची, मग पीठ ओतायचं, चर्र आवाज आला पाहिजे. आणि ती तिकडे फ्रिजच्या वर भिंतीला भोक दिसतं का, मेन्यूच्या पाटीच्या बाजूला, ते गोळीचं आहे. तिच्या नवऱ्यानं झाडलेली, तिच्यावर, तिच्या हातात तेव्हा कांदे चिरायची सुरी होती. पुढं काय झालं म्हणून मी विचारलं तर म्हणाली, ती सुरी मी बदलली, भोक बुजवलं नाही. याच्या पलीकडे तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता चूक सांगते, माझी चूक, आमच्यातल्याच कोणी करावी अशी. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि दर शुक्रवारी कोणीतरी आपला शोध टाकायचा, म्हणजे खायची नवी जागा, नाहीतर दुकानात मिळालेली नवी वस्तू, फोटोसकट. सुधीरनं सांगितलं होतं, तू नुसते अंगठे दाखवायचे. तीन वर्षं मी अंगठेच दाखवले. मग एकदा राहवलं नाही, कच्च्या टोमॅटोचे तळलेले काप टाकले, बायका वेड्या झाल्या, मग पीच कॉब्लर, म्हणजे पीच घालून भाजलेलं गोडाचं, मग ती भेंडी. अनघा म्हणून एक होती, पुण्याची, ग्रुप तीच चालवायची, ती लिहायला लागली, रंजनाचा शोध आला का, आज शुक्रवार आहे. मला कोणी कधी असं विचारलंच नव्हतं गं. मी फुगले. आणि एका शुक्रवारी इथूनच, या टेबलावरून, चिटलिन्सच्या ताटाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, हुबेहूब माझ्या आईच्या हातची वजडी, लहानपणी दर रविवारी आमच्याकडे हेच.

पाठवलं आणि वाट पाहत बसले. बावन्न बायका, सगळ्यांनी पाहिलं, निळ्या खुणा दिसत होत्या, एक अंगठा नाही. संध्याकाळी एकीनं लिहिलं, अगं म्हणजे तुम्ही, आणि पुढे तीन टिंबं. तेवढंच. तीन टिंबं. मग दुसरीनं कुणाच्या तरी बारशाचे फोटो टाकले आणि सगळ्याजणी त्यावर बोलायला लागल्या.

मंडळाच्या दिवाळीला प्रत्येकीनं काय करून आणायचं त्याची यादी कॉम्प्युटरवर असते, सगळ्यांना दिसते. माझ्या नावापुढे भरली वांगी होती, दरवर्षी असायची, सत्तर माणसांची. रविवारी सकाळी वांगी अनघाच्या नावापुढे गेली होती आणि माझ्या नावापुढे पेपर प्लेट्स आणि बर्फ. कोणी फोन नाही, काही नाही. मी पाहिलं आणि मक्याचा पाव करायला घेतला. दुपारी सुधीरनं ती यादी पाहिली, कोणालातरी फोन केला आणि त्याला फोटोचं कळलं.

तो किचनमध्ये आला तेव्हा मी तवा नुकताच ओव्हनमधून काढून शेगडीवर ठेवला होता, डाव्या हातात जाड कापडाचा मोजा होता, उजवा मोकळा. त्यानं विचारलं, फोटो दाखव. मी दाखवला. त्यानं वाचला, दोनदा वाचला, आणि मला म्हणाला, वीस वर्षं, रंजना, वीस वर्षं मी हे पुसतो आहे. आवाज एवढासा होता त्याचा. आणि मग त्यानं माझं मनगट धरलं आणि उजवा हात त्या तव्यावर दाबला. पंजा उघडा करून, त्याचं सगळं वजन घालून. चर्र झालं. तोच आवाज, पीठ ओततानाचा. आणि वास सांगत नाही तुला, तू जेवून राहिली आहेस.

मी डाव्या हातानं तव्याचा दांडा धरला आणि फिरवला, त्याच्या खांद्यावर बसला, इथं, गळ्याच्या हाडावर, वाळलेली काडी मोडावी तसं हाड मोडलं, मला ऐकू आलं. तो खाली बसला. मी परत उचलला, दोन्ही हातांनी, जळक्या हातासकट, आणि खोटं कशाला सांगू, मी त्याचं डोकं फोडणार होते. माझ्या मनात काहीच नव्हतं, व्हिसा नाही, सुजू नाही, नुसतं त्याचं डोकं दिसत होतं, भांगाची रेघ दिसत होती. तेवढ्यात दारातून सुजू म्हणाली, मम्मा, स्टॉप. ओरडली नाही, शांतपणे म्हणाली. चौदा वर्षांची पोर. तिच्या कानाला फोन होता, पोलिसांना पत्ता सांगून झाला होता. मी तवा शेगडीवर ठेवला आणि गॅस बंद केला.

पोलिसांनी दोघांनाही विचारलं, मग सुजूला बाहेर नेऊन विचारलं, आधी कोणी मारलं. ती म्हणाली, डॅड डिड. एव्हरी टाइम. ते मी खिडकीतून ऐकलं. त्याला हॉस्पिटलात आणि तिथून जेलमध्ये नेलं, मला दुसऱ्या हॉस्पिटलात. दोन दिवसांनी अनघाचा फोन, रंजना, तक्रार मागे घे, त्याची नोकरी जाईल, तुमचा व्हिसा जाईल, मुलीच्या कॉलेजचं बघ, घरातल्या गोष्टी घरात राहू दे. मी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पेपर प्लेट्स कोण आणणार मग. तिनं फोन ठेवला. मला मिस ओपलनं नेलं वकीलबाईंकडे, चर्चच्या हॅटमध्ये आली होती म्हातारी. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्याच्या व्हिसावाचून इथं राहता येईल असा एक कागद असतो, तो कोणी मला पंधरा वर्षांत सांगितला नव्हता. कागद यायला फार दिवस लागले. तो आला त्या दिवसापासून मी इथं कामाला आहे, पगारी. हा हात बघ, तीन बोटांना काही कळत नाही, गरम भांडं नुसतं उचलते, मिस ओपल म्हणते, देवानं तुला फुकटचं फडकं दिलं. हस की, आम्ही दोघी हसतो.

सुटल्यावर सुधीर टेक्सासला गेला होता, मग परत आला. कोर्टानं सांगितलंय, एका आड एक शनिवारी सुजूला न्यायचं, गाडीतच बसायचं, माझ्याजवळ यायचं नाही. तो बाहेर त्या झाडाखाली गाडी लावतो. गेल्या शनिवारी लवकर आला आणि दार उघडं होतं, वास बाहेर जात होता, चिटलिन्स उकळत होत्या, मी वाटण घालून केलेल्या, मिस ओपल आता शनिवारी माझ्याच पद्धतीच्या ठेवते. सुजू मला म्हणाली, मम्मा, कॅन आय टेक हिम सम. मला वाटलं थोबाडीत द्यावी. द्यावीच वाटलं, आईचाच हात आहे ना हा. मग मी ताट वाढलं. वर तर्री घातली.

खिडकीतून पाहत होते मी. त्यानं ताट मांडीवर घेतलं, इकडेतिकडे पाहिलं, चारी काचा वर केल्या आणि खाल्लं. हातानं खाल्लं, भराभर, मान खाली घालून. त्याचीही आई हेच करायची, मला माहीत आहे, तिनंच मला लग्नानंतर करून घातलं होतं चोरून. बाहेर एवढं ऊन, गाडी बंद, घामानं निथळत होता आणि खात होता. सुजू ताट परत घेऊन आली तेव्हा त्यावर तर्रीचा डाग राहिला नव्हता. डॅडनं काही म्हटलं का, मी विचारलं. म्हणाली, ही वॉज क्राइंग. मी ताट कचऱ्यात टाकलं आणि दुसऱ्या टेबलाची ऑर्डर घेतली. माफ केलं असं लिहू नको. माफ केलं नाही, करणारही नाही, पण त्या बंद काचांचं मला आठवडाभर वाईट वाटून राहिलं.

आता खा, गार होऊन राहिलं. आधी खा आणि मग फोटो काढ, टाक तुमच्या ग्रुपवर, पत्ता दे, शनिवारी या म्हणावं. सुखी राहा बाई, आणि हातात काही ना काही वजनदार ठेवत जा. आणि फोटोखाली माझं नाव लिही, पूर्ण लिही. आडनाव माझ्या बापाचं लिही.