नीलेशचं लग्न मी मोडलं

माझं माहेर कुडाळकडचं, लग्न झालं तशी थेट घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत आले, सासरे गिरणीतले, पुढे नवरा गेला आणि मग मी आणि माझा नीलेश, दोघंच. मी डबे करते. नीलेश मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता आणि काय सांगू तुम्हाला, हात असा होता पोराचा की एवढासा स्क्रू, मला दिसायचा पण नाही, तो अलगद बसवायचा.

मित्रांबरोबर गांजा ओढायचा. वास येतो ना, मला कळत होतं. डोळे लाल करून यायचा, भूक अशी की डब्याच्या चपात्या पण संपवायचा. मग विसरायला लागला, मोबाईल उघडायचा आणि पुढे काय करायचं तेच आठवेना, मालकानं काढलं. मी ओरडले तर बोलायचा, आई, दारू आहे का ती, झाडपाला आहे, यानं कोणाचं काही होत नाही. आणि तो एकटाच नाही हो, अख्खी चाळ हेच बोलायची. माझी नणंद बोरीवलीला असते, ती बोलली, महादेवाचा प्रसाद तो, कशाला घाबरतेस. अगं, महादेवानं विष पण प्यायलं होतं, मग ते पण पाजायचं का पोराला?

एक दिवस भर दुपारी माझा हात धरून छातीवर ठेवला, आई, धडधडतंय बघ, मी मरतो. त्यानंतर संशय सुरू झाला. नीलेश सांगायचा, शेजारचे माझ्याबद्दल बोलतात, टीव्हीतला माणूस माझंच नाव घेतो, म्हणून टीव्हीवर चादर टाकली. मी केलेलं जेवण मलाच आधी खायला लावायचा. मला, आईला! नणंद बोलली बाहेरचं आहे, गावी नेऊन देवाला गाऱ्हाणं घाल. मी त्याला सरकारी हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टरीणबाई पोरसवदा होती, पण नीट बोलली. मावशी, पंचविशीपर्यंत मेंदू घडत असतो, आठवण, भीती, वेळेचं भान सांभाळणाऱ्या जागांवरच गांजा जाऊन बसतो, रोज ओढला तर त्या जागांचं काम बिघडतं. सगळ्यांना वेड लागत नाही, पण कोणाला लागेल ते आधी ओळखता येत नाही. गोळ्या चालू ठेवा, परत ओढला तर आजार उलटेल. मी बोलले, मग हे आधी कोणी का सांगत नाही हो? कुठे काय होत नाही म्हणून सगळे सांगतात, आणि झालं की सगळे गायब.

गोळ्यांनी त्याला ऐकू येणारे आवाज कमी झाले, पण पोरगा नुसता बसून राहायचा, हसायचा पण नाही. तेवढ्यात नणंद स्थळ घेऊन आली. गो वयनी, लगीन लावून टाक, सगळा सरळ होतला, आणि गोळ्यांचा त्यांका काय एक सांगू नको. म्हणजे माझ्या पोराचं औषध म्हणून दुसऱ्याची पोर आणायची?

कांदेपोहे झाले. मुलगी शांत, नर्सिंग शिकलेली, बाप भोळा माणूस. नीलेश मान खाली घालून बसलेला, नणंदच बोलत होती, मुलगा निर्व्यसनी हो, सुपारीचं खांड पण नाही. ते ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. मी बोलले, दादा, माझ्या मुलाला गांजानं आजार झालाय, डोक्याचा, औषध चालू आहे, सोडलं तर परत होईल, आता तुम्ही ठरवा. बाप उठला. मुलगी जाताना नीलेशला बोलली, गोळ्या चुकवू नका. बस, एवढंच.

नणंद दारातच ओरडली, तू आई आहेस की वैरीण, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणं बंद. येऊ नको. नीलेश त्या दिवशी माझ्यावर चिडला, रडला, पोह्याची ताटली भिंतीवर मारली. मी पुसून काढलं. आता तो माझ्याबरोबर डबे पोचवतो, मधे एकदा परत ओढून आला, परत हॉस्पिटल, परत पहिल्यापासून. उद्याचं मला माहीत नाही. त्याला धरून बसायला मी आहे, ते माझं काम आहे, त्या पोरीचं नव्हतं. तिचं नाव पण आता मला आठवत नाही, पण जिथे असेल तिथे सुखात राहो बाई, आणि तिच्या सासूनं तिच्यापासून काही लपवलेलं नसो.