कातरलेला ससा

न्हाई वो जालिंदरभाऊ, मांजर न्हाई, लोकरीचा ससाच हाय त्यो! हात लावून बघा, चावत न्हाई. केस? म्या कातरले. आ वासून काय बघताय? तुमच्या सायबाची, मल्हारची, सख्खी थोरली बहीन हाय मी — मेंढरं कातरन्यात जन्म गेला आमच्या आबांचा. हितलं, आमच्या भांडगावचं ऊन, मे म्हयना, आन् ह्याच्या अंगावर वीतभर लोकर! नुसता धापा टाकत व्हता, डोळं मिटून. तवा काय करायचं — बघत बसायचं? आबांची कातर काढली, घासली, मांडीवर घेतला आन् मोकळा केला. एक ओरखडा दाखवा! त्याच सांजंला पाला खाल्ला त्यानं.

आन् भावजयीनं, त्या अनुपमानं, कागद दिलाय लिहून! गाजर किसून द्या म्हनं. पानी उकळून, गार करून. दुपारचा कूलर लावा. कूलर! अवं, हितं मानसाला धड पंखा न्हाई, आन् सशाला कूलर? जत्रंतली भावली घ्यावी तसा लेकीसाठी, अंकितासाठी ससा घेतला, आन् कुलू-मनालीला निघायची येळ आली तवा आठवली कोन? — सरूआक्का! पाच वर्सं भाऊबीजेला रस्ता सापडला न्हाई. त्यो ऱ्हातो ते रांजणगाव काय इलायतंत हाय व्हय? न्हाई, कंपनीत कामं असत्यात सायब लोकान्ला. सशाला सोडायला मातुर गाडी बराबर दारात! मल्हार धड उतरला बी न्हाई — ही आतनं म्हनतीय, धूळ हाय, उशीर व्हतोय. गाडीत बसूनच पानी प्याला. अर्धा तांब्या. मंग म्या नको का म्हनले न्हाई? — का म्हंजी? ठेवून घेतला की न्यायला यावंच लागतंय, म्हनून. ते आपलं... जाऊ द्या.

शेजारी फोन आला, आज गाडी येतीय म्हनून. सकाळधरनं पुरन घातलंय. त्याच्यासाठी न्हाई हां! मलाच खायचं व्हतं. कटाची आमटी त्याला लहानपनापास्नं आवडती, वाटीला तोंड लावून प्यायचा — पन त्याच्यासाठी न्हाई केली. आन् गाडीतनं उतरलं कोन? तुम्ही. भाड्यानं सांगितलेला डायवर. एका सशापायी भनीकडं डायवर धाडतोय, वा रं सायब!

ठेवा ती टोपली. ठेवा म्हनते ना! ससा मिळायचा न्हाई. सांगा त्याला, आक्कानं कातरून भुंडा केलाय, पोरगी बघून रडंल. लोकर वाढायला तीन म्हयनं लागत्यात. तीन म्हयन्यानं ये म्हनावं, आपल्या पायानं, गाडीतनं खाली उतरून. फोन करू नको म्हनावं.

रडत न्हाई, चुलीचा धूर हाय. पोळ्या गरम हायत, बसा, तुम्हीच खावा आता. आन् खाऊन झालं की गप गाडी काढा.