डबलसीटची रेंज

मुलुंडच्या ई-स्कूटर शोरूममध्ये मी नंबराची वाट बघत बसले होते. पुढे एक म्हातारे काका आणि सेल्सगर्ल बोलत होते.

"एका चार्जिंगमध्ये वर्सोव्याला जाऊन परत येईल ना?"

"येईल, काका. पण कंपनी सांगते तेवढी रेंज मिळत नाही हं. डबलसीट असलात तर अजून कमी."

"डबलसीटच धर. मासळी आणायला आम्ही दोघं जातो."

"मग काकूंनाही आणा ना टेस्ट राइडला. मागची सीट त्यांना जमायला हवी."

"जुनीच्या धुराने तिला खोकला यायचा. इलेक्ट्रिक घेऊ, घेऊ म्हणता म्हणता तीच गेली."

"सॉरी, काका... मग सिंगलची सांगू? एकट्याने बरीच लांब जाते."

"नको गं. तू डबलसीटचीच सांग."