बसवू का, मॅडम?

मूर्ख मीच, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला मध्ये मध्ये म्हणावं लागणार नाही. चपला घेताना चार दुकानं पालथी घालणारी बाई मी, आणि गाडीच्या स्प्रिंगा घेतल्या रंग बघून! लाल. का, तर गाडी लाल आहे... आता स्प्रिंगा असतात चाकाच्या आत, त्या दिसणार कोणाला? गाडीखाली झोपणाऱ्या मांजराला.

तुम्हाला सांगते, गाडी माझी छोटीच, पण पळते म्हणजे काय पळते. मी सुखात होते हो. एकदा आमचे धाकटे दीर शेजारी बसले आणि म्हणतात कसे, "वहिनी, इंजिन वाघ आहे, पण वळणावर गाडी डुलते." झालं. तोवर मला कधी जाणवलं नव्हतं, पण त्या दिवसापासून वळण आलं की माझं पोटच डुलायला लागलं. काडी लावून दीर गेले आपल्या घरी आणि मी गेले गॅरेजात.

गॅरेजवाल्यानं काउंटरवर मांडामांड केली... हे नरम, हे मध्यम, हे लाल म्हणजे एकदम कडक, सोबत हे शॉकअप, आणि हा महागडा सेट, यात उंची हवी तशी करता येते. तो बोलतोय, मी मान हलवतेय. इतकी हलवली, इतकी हलवली, की त्याला वाटलं बाईंना सगळं कळतं. मग म्हणाला, "लाल ना? मग खाली बसवू का, मॅडम?" आता तुम्हीच सांगा, नवीन वस्तू आणली की काय करतात? बसवतात. नळ बसवतात, पंखा बसवतात, दात बसवतात. आणि स्प्रिंग काय टपावर बसवणार? खालीच ना? तो बसवू म्हणाला, मी बसवा म्हणाले.

संध्याकाळी बघते तर गाडी बसलेली. खरीच बसलेली हो, पोट जमिनीला टेकायला आलेलं, दमलेल्या म्हशीसारखी! मी म्हटलं, हे काय केलंत? तर शांतपणे म्हणतो, गाडी खाली बसवू का विचारलं, तुम्हीच बसवा म्हणालात. बरं, जुन्या स्प्रिंगा घाला परत, तर त्या भंगारात गेल्या. नवीन मागवू म्हणे, येतील तेव्हा येतील. तो बसवू म्हणाला, मी बसवा म्हणाले, आता भांडू कोणाशी?

डुलत नाही, हे मान्य. आदळते. रस्त्यावरचा खडा न् खडा मणक्याला कळतो. गतिरोधक दिसला की मी गाडी खेकड्यासारखी तिरकी घेते, मागचे शिव्या घालतात, आणि घरी नवरा म्हणतो, मला विचारायचंस. त्याला, ज्याला हवा भरायची जागा मी दाखवली! दिरांना फोन केला, तर म्हणे, भारी दिसत असेल, फोटो पाठवा. मी काय पाठवलं ते इथे सांगत नाही.

पण खरा संताप आईपायी आहे. आईचा गुडघा नवा बसवलाय. तो मात्र डॉक्टरांनी नीट बसवला. आता दर आठवड्याला त्यांच्याकडे व्यायामाला न्यायचं, आणि ताकीद अशी की फार खाली बसायचं नाही. माझ्या गाडीची सीट तिला बरोब्बर उंचीची होती. पाठमोरी टेकायची, दोन्ही पाय उचलून आत घ्यायची, मदतीला हात पुढे केला की फटका. चालायलाही लागली होती जरा. आणि मी ती सीट तिच्या पायाखालून... टॅक्सी करू म्हटलं, तर म्हणाली परक्या माणसासमोर मी पाय उचलत नाही. आणि व्यायाम चुकला तर गुडघा आखडतो, मग सगळं पहिल्यापासून. तो बसवू म्हणाला, मी बसवा म्हणाले, आणि भोगतेय कोण?

शेवटी आज सीटवर उशा रचल्या. वर आई. तिचं डोकं छताला, प्रत्येक खड्ड्याला मी सॉरी म्हणतेय, ती समोर बघतेय. पोचलो. दार उघडलं तर फुटपाथ सीटला लागलेला. डॉक्टर बिचारे स्वतः बाहेर येऊन उभे. मी म्हटलं, "आई, उतर ना गं, डॉक्टर थांबलेत."

आईनं त्यांच्या बुटांकडे पाहिलं. छताखालून तेवढेच दिसत होते तिला.

"त्यांना म्हणावं, फुटपाथवर आडवे व्हा. गुडघा इथूनच दाखवते."