पाचपर्यंत

शगुफ्ता : ...म्हणून रिपोर्टला उशीर झाला, काका. मावशीचं रक्त मी दोनदा तपासलं.

मारोतराव : दोनदा काहून? मशीन बिघडली काय?

शगुफ्ता : मशीन बरोबर आहे. हाड नवीन बनतं ना, तेव्हा एक प्रथिन रक्तात उतरतं. आमच्या किटमधली अँटीबॉडी फक्त त्यालाच पकडते, मग मशीन मोजते. इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी ते अडतीस होतं. तीन महिन्यांत दुपटीच्या वर जायला पाहिजे. आज चाळीस आहे.

भागीरथा : म्हंजे पाठीचं हाड भरून नाही राह्यलं.

शगुफ्ता : डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर इंजेक्शन बंद करावं लागेल. मग दुसरा मणकाही दबायची भीती.

मारोतराव : पण रोज देतो ना मी! बोंडअळीपायी पऱ्हाटी उपटावी लागली, त्या दिवशीही देल्लं. औषध शेजारच्या मोतीबाईच्या फ्रिजात ठेवतो.

शगुफ्ता : कसं देता? हा माझा लिहायचा पेन इंजेक्शन समजा, दाखवा.

मारोतराव : हे टोचलं. दाबलं. काढलं.

शगुफ्ता : लगेच काढता?

मारोतराव : तिले दुखते, पोरी. मले पाहवत नाही.

शगुफ्ता : दाबल्यावर पाचपर्यंत मोजायचं, काका. नाहीतर औषध बाहेरच सांडतं. मावशी, पोट ओलं लागायचं?

भागीरथा : रोजच. लुगड्यानं पुसून टाको मी.

मारोतराव : अन् बोलली नाहीस? तीन महिने?

भागीरथा : कशी बोलू? बैलाले सुई देतानी तुम्ही गोठ्याबाहेर जाता. माह्यासाठी नर्सबाईपाशी बसून शिकले. पह्यल्या दिवशी घामानं भिजले व्हते. चुकलं म्हटलं असतं, तं पुन्हा सुई हाती धरली नसती तुम्ही.

मारोतराव : माह्या हळवेपणानंच तुह्यं वाटोळं केलं वो.

भागीरथा : काही नाही केलं. मी तं सुईच्या वक्ताची वाट पाहो. दिवसभरात तेवढंच तुम्ही माह्यापाशी बसता.

शगुफ्ता : मी डॉक्टरांना सगळं सांगते. आजचं इंजेक्शन झालं?

भागीरथा : नाही. नेरहून सकाळचीच एसटी धरली. थर्मासात आणलं हाय.

शगुफ्ता : मग इथंच द्या. मी बघते.

मारोतराव : एक... दोन... दुखून राह्यलं काय?

भागीरथा : मोजा तुम्ही.

मारोतराव : तीन... चार... पाच. काढली. पाह्य, पोट कोरडं हाय.

भागीरथा : सुई काढली, बरं केलं. हात कायले काढता?